आधी हात, मग फोन

मुरगळलेल्या पायासाठी फोनवरून फिजिओथेरपी घेता येते का, असं ओळखीतले लोक मला अधूनमधून विचारतात. कुणी गगनबावड्याकडचे असतात, त्यांची कोल्हापूरला एक खेप म्हणजे अख्खा दिवस. कुणी मुलांपासून लांब, इथं एकट्या राहणाऱ्या बायका असतात. मी सगळ्यांना सांगते, घेता येते, आणि घोट्यासाठी तर चांगली घेता येते. घोटा मुख्यतः व्यायामानं बरा होतो आणि तो व्यायाम ज्याचा त्यानं आपल्या घरीच करायचा असतो. फक्त त्याआधी एकदा कुणातरी जाणत्या माणसाची, निदान त्याच्या सांगण्यावरून घरच्या कुणाची तरी, बोटं त्या हाडांवरून फिरलेली असली पाहिजेत. ही अट मी एवढ्या आग्रहानं घालते, त्याला कारण आहे.

जुलै २०२१ ची गोष्ट. पंचगंगेला पाणी चढायला लागलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असते: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पोळलेले असल्यामुळं शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वर्षी वेळेआधीच सामान वर चढवायला सुरुवात झाली. धान्याचे डबे, शेगडी, सासूबाईंचं अंथरूण. जिना जुना, लाकडी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी ओला झालेला. हातात डबा असताना माझं उजवं पाऊल पायरीच्या कडेवरून आत वळलं आणि सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला. थोड्याच वेळात बाहेरच्या घोट्यापुढं लिंबाएवढी सूज आली. पाय टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं.

शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरकडं पाणी, त्यात कोविडचे दिवस. दवाखाना गाठणं शक्यच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तेल लावून चोळून घे की गं, नस चढली असंल, जाग्यावर बसंल." मुंबईच्या भाचीनं वेगळा मार्ग काढला. घरबसल्या फिजिओथेरपी देणाऱ्या एका फोनवरच्या सेवेचे तिनं परस्पर पैसे भरले. मला एक अर्ज आला: वय, वजन, कोणता पाय, दुखणं दहापैकी किती. तो भरून पाठवल्यावर व्यायामांची चित्रफीत आली. चित्रफीत छान होती, मराठीतही होती. पाऊल वर-खाली करा, गोल फिरवा, आणि दोन दिवसांनी ओट्याला धरून टाचा उचला.

पण मला कुणी पाहिलंच नव्हतं. चार पावलं टाकता येतात का, हे कुणी विचारलं नाही. हाडावर बोट दाबून बघा, असंही कुणी सांगितलं नाही. टाच उचलताना घोट्यापेक्षा पुढं, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा असतो तिथं कळ जायची. मी तसं लिहून कळवलं. सुरुवातीला थोडं दुखणारच, व्यायाम थांबवू नका, असं उत्तर आलं.

पाणी ओसरलं, रस्ते उघडले, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडं गेले. त्यांनी अंगठ्यानं त्याच उंचवट्यावर दाबलं आणि मी ओरडले. एक्स-रेमध्ये करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी तडा दिसला. पाऊल जोरात आत वळतं तेव्हा त्या ठिकाणी चिकटलेले स्नायुबंध हाडाचं टोक ओढून काढतात, असं त्यांनी समजावलं. घोट्याचं लिगामेंटही दुखावलं होतं, पण तडा महत्त्वाचा. तो अगदी टोकाला होता, म्हणून कडक तळाच्या बुटावर भागलं. हाच तडा थोडा पुढं असला तर हाडाच्या त्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळं तो लवकर जुळत नाही आणि कधी कधी शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. अशा पायावर टाचा उचलण्याचा व्यायाम मला न पाहता दिला गेला होता, याचा राग मला आजही येतो. चित्रफीत चुकीची नव्हती, ती दुसऱ्या कुणाच्या तरी पायासाठी होती.

एक्स-रे कधी काढायचा, याचे साधे नियम ठरलेले आहेत. कॅनडातल्या ओटावाचे डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मांडले आणि जगभरच्या तातडीच्या विभागांत ते वापरले जातात. ते प्रत्येक घरात माहीत असावेत असं मला वाटतं. घोट्याच्या भागात दुखत असेल तर बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कडा खालच्या टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत बोटानं दाबत जायची. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर बाहेरच्या कडेचा तो उंचवटा, म्हणजे माझं दुखणं होतं ती जागा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढं असलेलं नॅव्हिक्युलर नावाचं हाड दाबायचं. यांपैकी कुठंही थेट हाडावर दुखलं तर एक्स-रे काढायचा. आणि पाय मुरगळला तेव्हाही आणि तपासतानाही, दोन्ही वेळा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तरीही एक्स-रे. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी असते आणि एक्स-रेशिवाय पुढं जाता येतं.

हे दाबून बघणं फोनवर सांगून करून घेता येतं. चांगली फिजिओथेरपिस्ट पहिल्याच कॉलला ते घरच्या माणसाकडून करून घेते. पण मधुमेहामुळं ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी "दाबलं तर दुखत नाही" यावर विसंबू नये. हाड मोडलेलं असूनही त्यांना कळणार नाही. लहान मुलांना नेमकं सांगता येत नाही, आणि ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्या वृद्धांच्या बाबतीतही शंका आली की एक्स-रे काढून घेतलेला बरा. पाऊल थंड किंवा निळसर पडलं, बधिर झालं, घोटा वाकडा दिसू लागला, तर फोनच्या नादी न लागता थेट रुग्णालय. मागं टाचेच्या वर कुणीतरी मारल्यासारखा आवाज झाला आणि बोटांवर उभं राहता येईना, तर टाचेचा मोठा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. तोही फोनवर सुटणारा प्रश्न नाही. आणि पुढच्या दिवसांत पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर रक्ताची गाठ झाली आहे का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावं लागतं.

लांबच्या गावच्या लोकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. वरच्या नियमांत काहीच बसत नसेल तर पहिल्याच दिवशी, पाय सुजलेला असताना, एसटीत धक्के खात शहर गाठण्याची घाई नको. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात आणि पाऊल आत वळलं की बहुतेक वेळा पुढचं पहिलं दुखावतं. ते ताणलं गेलं आहे की पूर्ण फाटलं आहे, हे टाच हातात धरून पुढं ओढून पाहिल्यावर कळतं. पहिल्या दिवशी सूज आणि वेदना इतक्या असतात की ही तपासणी नीट होत नाही. चार-पाच दिवसांनी तीच तपासणी जास्त अचूक होते. तेव्हा एकच खेप करायची असेल तर ती त्या दिवसांत करावी.

तोवर घरी काय करायचं? पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. इलॅस्टिकचा पट्टा बोटांपासून वर गुंडाळत नेलेला, पण बोटं निळी पडतील इतका घट्ट नको. बर्फ दुखणं कमी करायला चांगला, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. विश्रांती, बर्फ, पट्टा, पाय उंच ही चौकडी १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी रूढ केली. पुढं त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळं भरून येण्याचं काम लांबूही शकतं. म्हणून दुखणं सोसवेल इतपत पाऊल वर-खाली हलवणं आणि आधारानं थोडं थोडं वजन टाकणं लवकर सुरू करायचं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम शेक नको आणि चोळणं तर मुळीच नको. आंबेहळदीचा लेप आमच्याकडं सगळेच लावतात. कातडी धड असेल आणि लेप कोमट असेल तर त्यात मला वावगं वाटत नाही. पण तालमीतल्या वस्तादांकडून घोटा "बसवून" घेऊ नये. कुस्तीच्या या गावात त्या हातांबद्दल मला आदर आहे, निखळलेला सांधा ओळखण्याची नजर त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या आलेली आहे. मात्र मुरगळलेल्या घोट्यात जागेवरून हललेलं असं काही नसतं, धागे फाटलेले असतात. त्यांना ओढलं की ते आणखी फाटतात.

बुटाचे आठवडे संपल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनीच मला एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. त्या वयानं लहान, मला काकू म्हणायच्या. पहिली तपासणी त्यांनी समोर बसवून केली आणि नंतरचं सगळं व्हिडिओ कॉलवर. फोनवर चांगलं काम कसं होतं ते मी त्यांच्याकडं पाहिलं.

पहिल्या कॉलला मी फोन हातात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "काकू, मला तुमचा चेहरा नको, टाच दाखवा." फोन जमिनीवर, पाटाला टेकवून उभा. उजेड माझ्या मागून नव्हे, फोनच्या बाजूनं. साडीऐवजी गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी सलवार. आधी मागून, मग समोरून, मग बाजूनं. प्रत्येक हालचाल आधी चांगल्या पायाची आणि मग दुखऱ्या पायाची, कारण तुलना केल्याशिवाय पडद्यावर काही कळत नाही. बोटांवर उठताना दुखरी टाच बाहेर कलते का, एका पायावर उभं राहताना कंबर झुकते का, हे त्यांना तिकडं बसून दिसायचं आणि मला इथं जाणवायचंही नाही. एखाद्या फिजिओनं कॉलवर फक्त तुमच्याशी गप्पा मारल्या आणि पाय हलताना पाहिलाच नाही, तर ती फिजिओथेरपी नव्हे.

मोजमापही घरच्या सामानात होतं. शिवणकामाची टेप घोट्याभोवती आणि पावलाभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची आणि दोन्ही पायांचे आकडे कळवायचे. सूज उतरते आहे की नाही ते त्यातून कळतं. दुसरं मोजमाप भिंतीचं. भिंतीकडं तोंड करून पाऊल जमिनीवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकतो तोवर पाऊल मागं मागं सरकवायचं आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. माझ्या दोन पायांत सुरुवातीला मोठी तफावत होती. आपल्याकडं याचं महत्त्व फार आहे. उकिडवं बसायचं, देशी शौचालय वापरायचं, जोतिबाच्या पायऱ्या उतरायच्या, तर घोटा पुढं पुरेसा वाकायलाच हवा. परदेशी चित्रफितींत खुर्चीवर बसणारा आणि सपाट फरशीवर चालणारा माणूस असतो. तुमच्या दिवसभरात काय काय येतं, पाणी किती लांबून आणता, शेतात जाता का, भाकरी बसून थापता की उभ्यानं, हे फिजिओला आपण होऊन सांगायचं.

सुरुवातीचे व्यायाम सोपे होते. पलंगावर पाय लांब करून अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं काढायची. पंचा तळव्याला अडकवून पाऊल आपल्याकडं ओढायचं. पाऊल भिंतीला टेकवून बाहेरच्या दिशेनं नुसतं दाबायचं, हलवायचं नाही. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पावलाला बांधून तिच्याविरुद्ध पाऊल बाहेर वळवायचं. पाऊल आत वळू लागलं की त्याला सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू या व्यायामानं बळकट होतात. मग ओट्याला धरून दोन्ही टाचा, आणि पुढं एकच टाच. दुखण्याचा हिशेब त्यांनी असा घालून दिला होता: करताना दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर कालचा व्यायाम जास्त झाला. हे मी वहीत लिहायची आणि कॉलच्या आधी फोटो पाठवायची. घरात वावरतानाही टाचेला पट्टा असलेले बूट वापरायला सांगितले होते. आपली कोल्हापुरी चप्पल कितीही प्रिय असली तरी तिच्यात टाच मोकळी असते, या काळात ती नको.

सूज गेली, चालता येऊ लागलं, की बहुतेक लोक इथं थांबतात. माझा पुतण्या असाच थांबला होता. पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो. छत्रपती शाहू स्टेडियमवरचे सामने आणि पेठापेठांतली ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की तिथं पाय दुखतो म्हणून बाहेर बसलेल्या पोरावर कसं दडपण येतं. चालताना दुखेना म्हटल्यावर तो मैदानात उतरला, पुन्हा मुरगळला, आणि मग सपाट रस्त्यावरही घोटा दगा देऊ लागला.

हे का होतं, ते ब्रिटनमध्ये मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. सांध्याभोवतीच्या लिगामेंटमध्ये पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर देणारी मज्जातंतूंची टोकं असतात. लिगामेंटबरोबर तीही दुखावतात. धागे भरून आले तरी पाऊल वळू लागल्याची खबर उशिरा पोहोचते आणि स्नायू वेळेत आवळत नाहीत. फ्रीमन यांनी डुगडुगत्या फळीवर उभं राहण्याचे व्यायाम दिले आणि घोटा दगा देण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे तोलाचा व्यायाम हाच खरा उपचार आहे, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त टाळला जातो, कारण तो करायची वेळ येते तेव्हा दुखत नसतं.

या व्यायामाला ना यंत्र लागतं ना कुणाचा हात. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळलेला होता आणि नेहमीचे उपचार सगळ्यांना खुले होते. त्यांतल्या एका गटाला त्याखेरीज आठ आठवडे घरी, देखरेखीशिवाय करायचे तोलाचे व्यायाम दिले. पुढच्या वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्के जणांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम दिलेल्यांपैकी २२ टक्के जणांचा. घरी, स्वतः करून, एवढा फरक पडतो. माझा फोनवरच्या फिजिओथेरपीवर विश्वास आहे तो यामुळं.

माझ्याकडून फिजिओथेरपिस्टनी हे व्यायाम असे करून घेतले: दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की डोळे मिटून, तेव्हा मात्र दोन बाजूंनी धरायला काहीतरी हवं. मग घडी घातलेल्या गोधडीवर. मग एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या बोटानं पुढं, बाजूला आणि मागं जमिनीवर जितक्या लांब टेकवता येईल तितक्या लांब टेकवायचं. हे करताना कॉलवर मुलगा शेजारी उभा असायचा. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईकडून कुणी फोनवर डोळे मिटून तोल सांभाळायचा व्यायाम करून घेत असेल आणि शेजारी कोण आहे हे विचारत नसेल, तर तो कॉल तिथंच थांबवावा.

फिजिओ निवडताना पदवी आणि नोंदणी विचारायला संकोच नको. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, तिच्याकडची नोंदणी विचारा. पहिल्या कॉलला इतिहास किती विचारला, हाड दाबून पाहायला लावलं का, प्रत्यक्ष तपासणीची गरज कधी लागेल हे सांगितलं का, आणि दुखतंय म्हटल्यावर पुन्हा पाहिलं का, एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. चार-सहा आठवड्यांत काहीच सुधारणा नसेल, घोटा अडकल्यासारखा होत असेल किंवा आत खोलवर दुखत असेल, तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञ. कधी कधी सांध्याच्या कूर्चेला इजा झालेली असते, ती साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. पाऊल बाहेर वळून मुरगळलं असेल आणि दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मधे असेल, तर ते दुखणं निराळं आणि जास्त वेळ घेणारं असतं. फुटबॉलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पुतण्याला मग माझ्याच फिजिओथेरपिस्ट बाईंकडं दिलं. पहिली तपासणी समोर, पुढचं फोनवर, कारण त्याचं कॉलेज सांगलीला. मैदानात परत केव्हा, हे त्यांनी तारखेवर ठेवलं नाही. दोन्ही पायांचं भिंतीचं अंतर सारखं, एका पायावर उभं राहून टाच दोन्ही बाजूंना सारख्याच वेळा उचलता येणं, एका पायावर पुढं आणि आडवी उडी मारून न डगमगता थांबणं, मग धावताना अचानक दिशा बदलणं. हे सगळं त्यानं मोकळ्या मैदानात मित्राला फोन धरायला लावून दाखवलं, तेव्हा संघाबरोबर सराव, आणि सरावात काही दिवस नीट गेल्यावर सामना. खेळणाऱ्यांनी निदान पुढचं वर्षभर खेळताना लेस बांधायचा ब्रेस किंवा नीट बांधलेली टेप वापरावी. आणि तोलाचे व्यायाम ब्रेस वापरला म्हणून बंद करायचे नसतात. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाआधीच्या वॉर्मअपमध्ये, दोन्ही पायांनी.